सरकार नदीने येतं

रात्रीचे अकरा वाजून गेलेत, तरी डेकवर उभं राहून तुम्हाला पुस्तक वाचता येईल इतका उजेड आहे. २०१० सालचा जुलै. 'वालेरी च्कालोव' हे पांढरं प्रवासी जहाज क्रास्नोयार्स्कहून निघून येनिसेई नदीच्या प्रवाहाबरोबर उत्तरेला चाललंय. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ म्हणजे पेन्सिलीने ओढलेली काळपट रेघ. दोन्हीकडे लार्च, स्प्रूस, बर्च. सकाळीही हेच होतं, कालही हेच होतं. मग एकाएकी इंजिनाचा सूर खाली येतो. उंच काठावर लाकडी घरांची एक ओळ दिसते. हे बाख्ता.

जहाज काठाला लागत नाही, कारण लागायला धक्काच नाही. ते नदीच्या मधोमध थांबतं आणि गावातून ॲल्युमिनियमच्या मोटारबोटी पाण्यावर आपटत येतात, जहाजाच्या कुशीला बिलगतात. शिडी खाली सोडली जाते. एक बाई कडेवरचं मूल आधी खाली देते, मग पिठाचं पोतं, मग मुलाची सायकल, मग स्वतः उतरते. बोटीत उभा असलेला माणूस मुलाला दोन्ही हातांनी झेलतो, छातीशी धरतो आणि वर बघून नुसतं हसतो. काही मिनिटांत सगळं आटपतं. बोटी वळतात, जहाज पुढे सरकतं, काठावरची कुत्री भुंकायची थांबतात.

तुम्ही तुरुखान्स्क रायोनमध्ये आहात. रायोन म्हणजे रशियन कारभारातला जिल्ह्याखालचा, आपल्या तालुक्याच्या जागी बसणारा विभाग. पण हा तालुका जवळजवळ दोन लाख दहा हजार चौरस किलोमीटरांचा आहे. महाराष्ट्राचे तीन भाग केले तर त्यातल्या दोन भागांएवढा. दक्षिणेच्या वोरोगोवो गावापासून उत्तरेला इगार्काच्याही पलीकडे, आर्क्टिक वृत्त ओलांडून जाणारा. आणि माणसं? २०१० च्या जनगणनेत सुमारे अठरा हजार. दर अकरा-बारा चौरस किलोमीटरांमागे एक माणूस. बाकीच्या रशियाशी जोडणारा बारमाही रस्ता एकही नाही. उन्हाळ्यात नदी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरची आणि दलदलीवरची वाट, आणि वर्षभर हवामानाच्या मर्जीने हेलिकॉप्टर.

नकाशा बघितला की वाटतं, हा एक प्रचंड प्रदेश आहे. पण जहाजावर दोन दिवस काढल्यावर तुमच्या लक्षात येतं की ही प्रत्यक्षात एक अरुंद पट्टी आहे. माणसं नदीच्या काठाने राहतात, एका वळणावर एक गाव, मग पन्नास-शंभर किलोमीटर काही नाही. त्यामुळे इथे राज्य करायचं म्हणजे जमीन ताब्यात ठेवायची नसते, माणसांपर्यंत पोचायचं असतं. जो पोचला त्याचं राज्य. तो काय घेऊन पोचला आणि काय घेऊन परत गेला, हाच या रायोनचा चारशे वर्षांचा इतिहास आहे, असं मला मनापासून वाटतं. चला, तो बघायलाच जाऊ. येनिसेई दर नोव्हेंबरात गोठलेली असते आणि मेअखेरीस फुटते. असे चारशे बर्फ मागे चला.

बर्फ फुटतो तेव्हा आवाज तोफेसारखा होतो. तुम्ही कान झाकता आणि उघडता, तेव्हा जहाज नाही, घरं नाहीत. सतराव्या शतकाची सुरुवात. येनिसेईला डावीकडून तुरुखान नावाची नदी मिळते, तिच्या तोंडाशी कोसॅक शिपायांनी १६०७ साली एक हिवाळी ठाणं उभारलंय. ओंडक्यांची एक-दोन घरं, भोवती कुंपण, छपरातून निघणारा धूर. पश्चिमेला ताझ नदीवर मंगाझेया नावाचं गाव आहे. झारचा सुभेदार तिथे बसतो आणि हे ठाणं त्याच्या हाताखाली आहे.

आत जा. डोळ्यांना धुराची सवय होऊ द्या. मेजावर सेबलची कातडी पसरलेली आहेत. मुंगसाएवढ्या या जनावराची लव काळसर, इतकी दाट की बोट घातलं तर कातडीपर्यंत पोचत नाही. एक कोसॅक कातडं उलटं धरून फुंकर मारतो, लव दुभंगते, तळाचा रंग तपासतो. तळ निळसर असेल तर माल वरच्या प्रतीचा. मग चाळीस कातड्यांची एक मोट बांधतो. रशियन भाषेत वीस, तीस, पन्नास ही नावं दहाच्या हिशोबाने झालेली आहेत, चाळीसला मात्र 'सोरोक' असा वेगळाच शब्द आहे, आणि तो सेबलच्या अशाच मोटेवरून आला असं मानतात. समोर खाली मान घालून एवेंक आणि केट या इथल्या मूळ जमातींचे शिकारी उभे आहेत. ते देतायत त्या कराला 'यासाक' म्हणतात. कोपऱ्यात एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसलाय. तो ओलीस आहे. त्याचे लोक पुढच्या हिवाळ्यात कातडी घेऊन परत यावेत म्हणून त्याला इथे ठेवलंय. सरकारला त्या लोकांचा मुक्काम माहीत नाही, तो शोधायला सरकारकडे माणसंही नाहीत. म्हणून जिथे पाय पोचत नाही तिथला मुलगा आणून ठेवायचा. या मुलाकडे नीट बघा. हा प्रदेश कसा चालवला गेला हे समजून घ्यायचं असेल तर कुठल्याही फर्मानापेक्षा तो जास्त सांगतो.

मॉस्को इथून इतकं लांब की एक पत्र जाऊन त्याचं उत्तर येईपर्यंत वर्षं उलटतात. या अंतराने सुभेदारांचंही डोकं फिरतं. १६३० च्या आसपास मंगाझेयावर झारने एकाच वेळी दोन सुभेदार नेमले, ग्रिगोरी कोकोरेव आणि आंद्रेई पालित्सिन. त्यांचं जमेना. एकजण किल्ल्यात, दुसरा बाहेरच्या वस्तीत, आणि किल्ल्यातल्या तोफा आपल्याच गावावर चालल्या. सरकारचे दोन अंमलदार आर्क्टिकच्या उंबरठ्यावर एकमेकांशी लढत होते, आणि ते सोडवायला येणारा माणूस अजून वाटेतच होता. त्याआधी १६१९ मध्ये झारने मंगाझेयाला येणारा समुद्रमार्ग बंद केला होता, मोडणाऱ्याला मृत्युदंड. परदेशी जहाजं येतील आणि कर न भरता माल जाईल, ही भीती. जो रस्ता आपल्याला राखता येत नाही तो कुणीच वापरू नये, असा तो विचार. पुढे मंगाझेयाला आग लागली, सेबल संपत आलं, आणि १६७२ मध्ये झार अलेक्सेईच्या हुकुमाने ते गाव मोडून सगळे तुरुखानच्या ठाण्यावर आले. गाव हललं तसं नावही हललं. या ठाण्याला आता 'नवं मंगाझेया' म्हणू लागले. १७८० मध्ये त्याचं तुरुखान्स्क झालं. पण शहर म्हणून ते कधी रुजलं नाही. १८२२ मध्ये झारचा अधिकारी स्पेरान्स्की याने सायबेरियाच्या कारभाराची घडी नव्याने घातली, येनिसेई गुबेर्निया, म्हणजे प्रांत, तयार झाली, आणि हा सगळा उत्तर भाग 'तुरुखान्स्क क्राय' या नावाने दक्षिणेच्या येनिसेइस्क शहराच्या मागे बांधला गेला.

दरम्यान, येनिसेईच्या उजव्या काठावर, निझ्न्याया तुंगुस्का जिथे येऊन मिळते त्या उंच कड्यावर १६६० मध्ये तीखोन नावाच्या भिक्षूने एक मठ उभारला होता. मठाभोवती वस्ती वाढली, तिला नाव पडलं मोनास्तिर्स्कोये, म्हणजे मठाचं गाव. पुढे हळूहळू कचेऱ्या जुन्या तुरुखान्स्कमधून उठून इथे आल्या आणि त्यांच्या मागोमाग नावही आलं. आज ज्याला तुरुखान्स्क म्हणतात ते हे मठाचं गाव. जुन्याला आता 'जुनं तुरुखान्स्क' म्हणतात. मठाचं चर्च आजही कड्यावर उभं आहे. या लोकांच्या पत्त्यांचा हा प्रवास मला फार हेलावून टाकतो. पणजोबा मंगाझेयाचा, आजोबा नव्या मंगाझेयाचा, नातू तुरुखान्स्कचा, आणि पणतूला तुरुखान्स्क म्हणून दाखवलेलं गाव भलतंच.

आता १९१४ ची वसंत ऋतूची सुरुवात. म्हणजे इथे अजून बर्फच. तुम्ही कुत्र्यांच्या घसरगाडीत बसलायत, पायांवर रेनडिअरचं कातडं. नदीच्या काठाने ठरावीक अंतरावर 'स्तानोक' आहेत. स्तानोक म्हणजे टप्प्याचं ठाणं. चार-सहा घरं, कुत्री किंवा घोडे बदलायचे, चहा प्यायचा, पुढे निघायचं. टपाल असंच जातं, पोलीस असेच जातात, डॉक्टर जायचाच झाला तर असाच जातो. कागदावर तो तुरुखान्स्क क्राय आहे, प्रत्यक्षात ती या ठाण्यांची एक लांबलचक माळ आहे.

आर्क्टिक वृत्ताजवळच्या कुरेइका नावाच्या स्तानोकवर गाडी थांबते. आठ-दहा घरं. इथे दोन हद्दपार क्रांतिकारक नुकतेच आणून सोडलेत. एक याकोव स्वेर्दलोव, दुसरा जॉर्जियन, योसिफ जुगाश्विली. बाहेरच्या जगात हा दुसरा स्टालिन या नावाने ओळखला जाणार आहे. इथे कोंडायला भिंत नाही, कुलूप नाही. एक पहारेकरी शिपाई आहे, पण खरा पहारा नदीचा आणि थंडीचा. मोनास्तिर्स्कोयेला बसणारा पोलीस अधिकारी, त्याला इथे 'प्रिस्ताव' म्हणतात, एवढ्याशा माणसांनिशी इतका मोठा मुलूख राखतो, तो केवळ पळून जायला कुठे वाट नाही म्हणून. स्टालिन इथे १९१६ च्या अखेरपर्यंत राहतो, बर्फाला भोक पाडून मासे धरतो, पुस्तकांची आणि पैशांची पत्रं लिहितो, टपालाची वाट बघतो. झारविरुद्ध उठलेल्या डिसेंब्रिस्टांच्या काळापासून मॉस्को-पीटर्सबर्गने इथे माणसं पाठवली ती याच हिशोबाने. सतराव्या शतकात सरकारला हे अंतर नडत होतं. आता सरकारला त्याचा उपयोग कळलाय. आणि ज्याने हे अंतर सोसलं, तोच पुढे हजारो माणसांना याच काठांवर पाठवणार आहे.

पण त्याआधी १९२४ चा हिवाळा बघायलाच हवा. मी तुम्हाला मुद्दाम तिथे थांबवणार आहे.

तुरुखान्स्कच्या लाकडी दवाखान्यात एक उंच, दाढीवाला शल्यचिकित्सक काम करतोय. व्हालेन्तीन व्होयनो-यासेनेत्स्की. तो सर्जन आहे आणि बिशपही, धर्मनाव लुका. नव्या सोव्हिएत राजवटीने त्याला हद्दपार करून इथवर आणलंय. तो मोतीबिंदू काढतो, पोटाच्या शस्त्रक्रिया करतो, आणि येणाऱ्या रुग्णाला हात उचलून आशीर्वादही देतो. आशीर्वाद स्थानिक अधिकाऱ्यांना सहन होत नाही. त्याला आणखी उत्तरेला, आर्क्टिक वृत्तापलीकडच्या प्लाखिनो नावाच्या वस्तीवर पाठवायचं ठरतं. ऐन हिवाळ्यात, उघड्या घसरगाडीतून.

त्याच्या झोपडीत तुम्ही त्याच्याबरोबर शिरता. खिडकीला आतून एक तावदान आहे, बाहेरचं दुसरं नाही. दुसऱ्याच्या जागी बर्फाची सपाट लादी लावलीय, कडेने पाणी ओतून गोठवलेली. खोलीत उजेड येतो तो त्या बर्फातूनच, हिरवट. सकाळी बादलीतलं पाणी फोडावं लागतं. लोखंडी शेगडी लाल होते तेव्हा एक बाजू भाजते आणि दुसरी गारठते. तो तक्रार करत नाही. वस्तीवरची मुलं बाप्तिस्म्याला येतात, त्यांना बाप्तिस्मा देतो. तुम्ही त्या बर्फाच्या तावदानाला हात लावून बघा. हात लगेच चिकटतो.

तिकडे तुरुखान्स्कमध्ये काय झालं? शस्त्रक्रियेची गरज असलेला एक शेतकरी दवाखान्यात आला आणि सर्जन नाही म्हणून मेला. गावकरी दाताळी, कोयते, हाताला लागेल ते घेऊन कचेरीवर चालून गेले. घाबरलेल्या अधिकाऱ्यांनी प्लाखिनोला निरोप धाडला. सर्जन परत आणा. आणि तो परत आला, पुन्हा आशीर्वाद देऊ लागला, आणि या वेळी त्याला कुणी अडवलं नाही. पुढे याच माणसाला १९४६ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालं, पूयुक्त जखमांच्या शल्यक्रियेवरच्या ग्रंथासाठी. या रायोनच्या इतिहासात लोकांनी सरकारला काही ठणकावून सांगितलं आणि सरकारने ऐकलं, असे प्रसंग कमी आहेत. हा त्यातला एक, आणि तो एका डॉक्टरासाठी आहे. आजही इथल्या कुठल्याही वस्तीवर विचारलंत की तुम्हाला काय हवं, तर उत्तर बहुधा तेच येईल.

दोन वर्षांनी, १९२६ च्या हिवाळ्यात, नवं सरकार वेगळ्या हेतूने वस्त्यांवर पोचतं. ध्रुवीय प्रदेशाची जनगणना सुरू झालीय. गणकाच्या मागच्या घसरगाडीत तुम्ही आहात. तो फक्त माणसं मोजत नाही. प्रत्येक कुटुंबाचा एक मोठा तक्ता आहे. रेनडिअर किती, कुत्री किती, होड्या किती, जाळी किती, या वर्षी खारी किती मारल्या, मासा किती धरला, कुणाचं कर्ज किती. एका केट कुटुंबाच्या तंबूत चूल पेटलीय. उन्हाळ्यात हे लोक 'इलिम्का' या होडीत राहतात. फळ्यांची मोठी होडी, तिच्या मागच्या अर्ध्या भागावर बर्चच्या सालीचं गोल छप्पर, आत अख्खं बिऱ्हाड. आता हिवाळा आहे, होडी काठावर उलटी घातलीय.

"आजोबा, तुमचं वय?"

म्हातारा हसतो. "किती लिहायचंय तेवढं लिही, बाळा."

"जात? म्हणजे, तुमचे लोक कोण?"

रशियन लोक त्यांना तोवर 'येनिसेई ओस्त्याक' म्हणत आले. म्हातारा छातीवर हात ठेवून एकच शब्द सांगतो. "केट." त्याचा अर्थ माणूस.

केट लोक जी भाषा बोलतात तिचे सख्खे नातलग सायबेरियात एकामागून एक संपले. केट तेवढी उरली. २००८ मध्ये एडवर्ड वाय्दा या भाषातज्ज्ञाने तिचं नातं थेट उत्तर अमेरिकेतल्या ना-देने भाषांशी जोडून दाखवायचा प्रयत्न केला आणि जगभरच्या विद्वानांचे डोळे या नदीकडे लागले. पण तोवर काय झालं ते सांगायला हवं. रायोनने गावं बांधली, शाळा काढल्या, आणि फिरत्या कुटुंबांतली मुलं निवासी शाळांत आणली. मुलं लिहायला शिकली, हे खरं. आणि सुट्टीत घरी आली तेव्हा आजीशी रशियनमध्ये बोलू लागली, हेही खरं. आज केट बोलू शकणारी माणसं फार थोडी उरलीत, बहुतेक वयस्क. ठाण्याच्या कोपऱ्यातला तो मुलगा तुम्हाला आठवतो का? शाळेत नेलेल्या मुलांना कुणी ओलीस धरलं नव्हतं, हेतू वेगळा होता. तरी त्यांच्या आया काठावर उभ्या राहिल्या असतील तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९२८ मध्ये तुरुखान्स्क रायोन अधिकृतपणे अस्तित्वात आला. १९२९ मध्ये उत्तरेला येनिसेईच्या एका फाट्यावर इगार्का हे लाकडाचं बंदर वसवायला घेतलं गेलं, कारण समुद्रातली जहाजं तिथवर आत येऊ शकत होती. ज्या समुद्रमार्गावर तीनशे वर्षांपूर्वी मृत्युदंड होता, त्याच मार्गाने आता सरकार स्वतः लाकूड पाठवणार होतं. लेखक व्हिक्तोर अस्ताफ्येव लहानपणी याच इगार्काच्या अनाथाश्रमात वाढला.

१९४२ चा शरद. या थांब्यावर तुम्हाला न्यायचं की नाही यावर मी बराच विचार केला. इगार्काच्या अलीकडे आगापितोवो नावाची जागा आहे. बार्ज काठाला लागते आणि शेकडो माणसं उतरवली जातात. व्होल्गाकाठचे जर्मन, लाटव्हियन, फिन. बायका, मुलं, म्हातारे. त्यांचा गुन्हा त्यांच्या आडनावात आहे. काठावर घर नाही. बार्ज निघून जाते. पाणी कडेने गोठायला लागलंय. ते फांद्या तोडून, माती खणून आसरा करायला लागतात. इथे थांबू नका, पण हा काठ बघून ठेवा. वसंतापर्यंत यातली बहुतेक माणसं नसतील. सरकार त्यांच्यापर्यंत पोचलं होतं आणि त्यांना सोडून निघून गेलं.

त्यानंतरच्या दहा वर्षांत या काठाने कधी पाहिली नव्हती इतकी गर्दी होते. १९४९ पासून येर्माकोवोला '५०३ क्रमांकाच्या बांधकामा'चं मुख्यालय आहे. साल्येखार्दपासून इगार्कापर्यंत रेल्वे टाकायची, दलदलीवरून, गोठलेल्या मातीवरून, कैद्यांच्या हातांनी. उन्हाळ्यात माती सैलावते, रूळ खचतात, पुन्हा उचलतात, पुन्हा खचतात. मार्च १९५३ मध्ये स्टालिन मरतो आणि काही दिवसांत काम बंद होतं. इंजिनं जिथल्या तिथे उभी राहतात. झाडं रुळांच्या मधून वाढू लागतात. १९५१ मध्ये दुब्चेस नदीच्या आतल्या रानात लपून राहिलेले 'जुन्या श्रद्धे'चे, म्हणजे चर्चमधल्या सुधारणा न मानणाऱ्या ख्रिश्चनांचे मठही विमानांतून शोधून काढून जाळले गेले. म्हणजे रायोनच्या आत, रायोनला माहीत नसलेली गावं तोवर होती.

आणि याच वर्षांत तुरुखान्स्कमधल्या एका लहानशा घरात आरिआद्ना एफ्रोन राहते. कवयित्री मारीना त्स्वेतायेवाची मुलगी. १९४९ मध्ये तिला जन्मठेपेच्या हद्दपारीवर इथे पाठवलंय. ती गावच्या सांस्कृतिक भवनात चित्रकार आहे. निवडणुका आल्या, मे दिन आला, क्रांतिदिन आला की लाल कापडावर घोषणा रंगवायच्या. पांढरा रंग गोठतो, ब्रश गोठतो. ठरलेल्या दिवशी हजेरी लावायची. संध्याकाळी दिव्याखाली ती कवी बोरिस पास्तरनाकला पत्र लिहिते. त्यात नदीवरून शेवटचं जहाज निघून जातं तेव्हाचा गावाचा एकाकीपणा आहे, आणि वसंतात पहिलं जहाज येतं तेव्हाचा आनंद. पास्तरनाक पैसे पाठवतो, पुस्तकं पाठवतो. १९५५ मध्ये ती सुटते. तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघा. तीच नदी, आणि येणाऱ्या बोटीची तीच वाट.

त्याच सुमारास, १९५३ मध्ये, एक विशीतला मुलगा भूगर्भ संशोधकांच्या तुकडीबरोबर कुरेइका नदीच्या रानात पायी फिरतोय. परतल्यावर तो चित्रपट शिकायला जाणार आहे. आंद्रेई तारकोवस्की. त्याच्या चित्रपटांतलं पाणी, गवत, पाऊस पाहताना मला हे रान आठवतं. त्याचा भाचा, लेखक मिखाईल तारकोवस्की, पुढे बाख्तालाच शिकारी होऊन राहिला. तुम्ही मघाशी जहाजातून पाहिलेलं गाव.

चला, परत. हेलिकॉप्टरचा आवाज येतोय.

या शतकाची सुरुवात. २००३ च्या रशियन कायद्याने गावागावांना स्वतःची पंचायत, स्वतःचा अर्थसंकल्प दिला. पण इथल्या कित्येक वस्त्यांमध्ये पंचायत चालवायला माणसं पुरत नाहीत. म्हणून कायद्यात एक वेगळा वर्ग आहे, कुठल्याही गावाच्या हद्दीत न येणारी जमीन. तुरुखान्स्क रायोनचा मोठा भाग हाच आहे, आणि त्यातल्या लहान वस्त्यांचा कारभार थेट तुरुखान्स्कची रायोन कचेरी पाहते. कागदावर हा कारभार सरळ दिसतो. प्रत्यक्षात कचेरीतल्या माणसाच्या भिंतीवर नकाशाशेजारी हवामानाचा तक्ता असावा लागतो. नदी वाहती आहे तेवढ्या चार-पाच महिन्यांत वर्षभराचं डिझेल, कोळसा, पीठ, साखर, शाळेची पुस्तकं पोचवायची. जे राहिलं ते पुढच्या जूनपर्यंत राहिलं. कुरेइका नदीवर मोठं जलविद्युत केंद्र आहे, ६०० मेगावॅटचं. त्याची वीज प्रामुख्याने उत्तरेच्या नोरिल्स्ककडे, तिथल्या कारखान्यांकडे जाते. काठावरची बहुतेक गावं मात्र डिझेलच्या जनित्रावर दिवे लावतात. उत्तर-पश्चिमेला वान्कोरचं तेलक्षेत्र २००९ पासून सुरू झालं. तिथे माणसं विमानाने पाळीवर येतात, महिनाभर काम करतात, परत जातात. तेलाची नळी या मुलखातून बाहेर जाते, आणि मुलखातल्या म्हातारीला दात दाखवायला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागते. सेबलच्या मोटा बांधणाऱ्या त्या कोसॅकपासून आजपर्यंत या जमिनीने बाहेर जे पाठवलं आणि तिच्याकडे जे आलं, त्यांचा हिशोब कधी बरोबर झालाच नाही, हे मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

एमआय-८ हेलिकॉप्टर खाली उतरतं. बर्फ भोवऱ्यासारखा उडतो, तुम्ही पाठ फिरवून उभे राहता. निवडणुकीच्या तारखेला अजून बरेच दिवस आहेत, पण लांबच्या वस्त्यांवर मतदान आधीच घ्यायची कायद्यात सोय आहे. आतून दोघं उतरतात, एकाच्या हातात सीलबंद पेटी. त्यांच्या मागून टपालाची पिशवी, औषधांचा खोका. शाळेच्या खोलीत टेबल मांडलं जातं. सगळं गाव येतं. एक आजी मत टाकते, पेटीकडे वळूनही बघत नाही, थेट औषधांच्या खोक्याकडे जाते.

"माझ्या गोळ्या आल्या का रे, बाळा?"

मुलगा यादीवर बोट फिरवतो. "आल्यात, आजी."

ती डबी उघडून गोळ्या मोजते, पुन्हा मोजते, रुमालात बांधून छातीशी ठेवते.

शेवटचा थांबा इगार्का. १९८९ मध्ये इथे साडेअठरा हजारांहून जास्त लोक होते, २०१० मध्ये सहा हजारांच्या आसपास. लाकडाचा धंदा बसला, आणि पुढे हे शहर रायोनच्या पदरात आलं. विमानतळ समोरच्या बेटावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या इमारती, खिडक्यांना चौकटी नाहीत. पण तुम्ही इथे आलात ते जमिनीखाली उतरायला. गोठलेल्या मातीचा अभ्यास करायला इथे १९३० च्या दशकात प्रयोगशाळा काढली, तिची भुयारं आता संग्रहालय आहेत. लाकडी पायऱ्या उतरत जा. श्वासाची वाफ होते. छताला बर्फाची पिसं लटकलीत, तुमच्या श्वासाने ती थरथरतात. भिंतीत हजारो वर्षांपूर्वीच्या झाडांचे ओंडके अडकलेत, जसेच्या तसे.

एका कप्प्याशी तुम्ही थांबता. १९५० मध्ये इथल्या संशोधकांनी महायुद्धाच्या काळातली वर्तमानपत्रं या बर्फात बंद केली. मॉस्कोची, क्रास्नोयार्स्कची, आणि इगार्काचंही. त्यातल्या ओळी आगापितोवोच्या हिवाळ्यातल्या आहेत, तरी आगापितोवोचं नाव त्यांत सापडायचं नाही. ती उघडायची आहेत २०४५ मध्ये.

तुम्ही हात पुढे करता, मग मागे घेता. मघाशी प्लाखिनोच्या तावदानाला चिकटलेली बोटं अजून दुखतायत. वर कुणीतरी दार उघडतं, गार हवा पायऱ्यांवरून खाली येते, आणि नदीकडून जहाजाचा भोंगा ऐकू येतो.